स्वामी कुवलयानंद : योगाला प्रयोगशाळेत नेणारे एक शिक्षक



योग दिन जवळ आला की आपल्या पेण-रोहा भागातल्या शाळांत काय धावपळ असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. २१ जून म्हणजे आपल्याकडे भर पावसाचा दिवस. मैदानात चिखल, त्यामुळे मुलं व्हरांड्यात दाटीवाटीनं बसवलेली. सतरंज्या ओल्या होऊ नयेत म्हणून एकीकडे धडपड, दुसरीकडे फोटो काढून वेळेत पाठवायची घाई. आणि फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार. तो सुविचार आमच्या शाळेत गेली कित्येक वर्षं मीच लिहीत आले. प्राणायाम केल्यानं शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो, अशा अर्थाचा.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीनं सहज विचारलं, बाई, हे मोजलं कुणी? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मनाला बोचत राहिलं. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना निरीक्षण करा, नोंद ठेवा, मग निष्कर्ष काढा असं शिकवतो. आणि मैदानावर आलो की ऐकीव वाक्य फळ्यावर लिहून मोकळे होतो.

शोधाशोध केली तेव्हा कळलं की नेमकी हीच मोजणी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं केली होती. तीही कुठे लांब नाही. पेणहून खोपोलीला जा, बोरघाट चढा, की लोणावळा. तिथे कैवल्यधाम नावाची संस्था आहे. सहलीला जाता-येता तुमच्यापैकी अनेकांनी पाटी पाहिली असेल. ती संस्था काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. आज त्यांच्याविषयी. मुलांना सांगताना नुसतं थोर योगी म्हणून सांगू नका, शारीरिक शिक्षणातले संशोधक म्हणून सांगा, असा माझा आग्रह राहील.

बालपण आणि बडोदा

जगन्नाथचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधल्या डभोई इथे झाला. गाव बडोदा संस्थानातलं, घर मराठी. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते, आईचं नाव सरस्वती. घरची परिस्थिती बेताची. पण मुलगा अभ्यासात हुशार निघाला. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. तेव्हा या शिष्यवृत्तीचा मान फार मोठा होता. रोहेकरांना एक गंमत सांगते. ज्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो त्या चिंतामणराव देशमुखांनी नऊ वर्षांनी, म्हणजे १९१२ च्या मॅट्रिकला, हीच शिष्यवृत्ती मिळवली होती.

शिष्यवृत्तीच्या आधारानं गुणे बडोदा कॉलेजात शिकले आणि १९१० साली पदवीधर झाले. अरविंद घोष त्याच कॉलेजात अध्यापक होते; त्यांच्या विचारांचा तरुण गुण्यांवर परिणाम झाला. टिळकांचाही झाला. देशासाठी काहीतरी करायचं आणि त्यासाठी अविवाहित राहायचं, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच ठरवून टाकलं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं बडोद्यातली महत्त्वाची जागा कॉलेज नव्हे, तालीम होती. जुम्मादादा व्यायाममंदिर. तिथले गुरू राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० या काळात गुणे त्यांच्याकडे शिकले. एकेकट्या पहिलवानाला तयार करणं हे जुन्या तालमींचं काम. माणिकरावांनी त्याच्या पुढे जाऊन शेकडो मुलांनी एकाच वेळी, एका हुकुमावर करायच्या संघव्यायामाकडे लक्ष दिलं. आज आपण परिपाठानंतर जी सामुदायिक कवायत घेतो, तिच्यामागे अशा अनेक लोकांची खटपट आहे. गुण्यांच्या डोक्यात एक गोष्ट इथेच पक्की बसली असावी : व्यायाम चार निवडक लोकांचा राहून उपयोगाचा नाही, तो शाळेतल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचला पाहिजे.

पेणकरांसाठीही एक गोष्ट आहे बरं का. आपल्या तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेला विनायक भावे, म्हणजे पुढचे विनोबा, लहानपणी वडिलांकडे बडोद्याला गेला आणि याच काळात तिथल्या शाळेत शिकत होता. त्या वेळचं बडोदं म्हणजे सयाजीराव महाराजांचं बडोदं. ग्रंथालयं, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, व्यायामशाळा, सगळं एकाच शहरात. त्या शहरानं किती मराठी मुलं घडवली यावर खरं तर वेगळा लेख होईल.

अमळनेरचे दिवस

पदवीनंतर गुणे शिक्षकी पेशात आले. खानदेशात अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते शिकवू लागले आणि १९१६ साली तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत आले १९२४ साली; गुणे त्याच्या आधीचे. हे महाविद्यालय राष्ट्रीय विचारांचं असल्यामुळे ब्रिटिश सरकारच्या डोळ्यांत खुपत होतं. १९२० मध्ये ते बंद पडलं. हाताखाली वाढवलेली संस्था अशी डोळ्यांदेखत बंद होणं काय असतं, हे पटसंख्येअभावी शाळा बंद झालेली पाहिलेल्या शिक्षकांना समजेल.

याच सुमारास त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर गावी त्यांची परमहंस माधवदास महाराजांशी भेट झाली. महाराज मूळचे बंगालचे. त्यांच्याकडून गुण्यांनी आसनं, बंध, मुद्रा, प्राणायाम, शुद्धिक्रिया हे सगळं शिकून घेतलं. मुंबईच्या द योगा इन्स्टिट्यूटचे संस्थापक श्री योगेंद्र हेही याच गुरूंचे शिष्य.

आता इथे जरा थांबा. साधारणपणे चरित्रात पुढचं वाक्य काय येतं? गुरूंनी दीक्षा दिली, शिष्याला साक्षात्कार झाला, आणि तो जगाला उपदेश करायला निघाला. गुण्यांचं तसं झालं नाही. त्यांना स्वतःला योगाचा अनुभव आला होता, त्यात काहीतरी आहे याची खात्रीही पटली होती. तरीही आपला अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांना कळत होतं. शरीराच्या आत नक्की काय घडतं, हे त्यांना पाहायचं होतं.

क्ष-किरणांखाली नौली

१९२०-२१ मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेतलं आणि बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत प्रयोग सुरू केले. त्या काळी क्ष-किरण यंत्र म्हणजे मोठी अपूर्वाईची वस्तू. रॉन्टगेननं क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये, म्हणजे जेमतेम पंचवीस वर्षं झालेली. हे नवं यंत्र आणि हजार वर्षांची जुनी क्रिया त्यांनी समोरासमोर आणली.

पहिल्या प्रयोगांसाठी उड्डियान आणि नौली या क्रिया घेतल्या. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, बाहेरच रोखायचा आणि श्वास आत न घेताच छाती फुगवायची. पोट आपोआप आत खेचलं जातं. नौलीत त्यापुढे जाऊन पोटाचे उभे स्नायू मधोमध काढून फिरवायचे. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा चमत्कार वाटतो. गुण्यांचा प्रश्न साधा होता : या वेळी आतलं आतडं कुठे सरकतं? आतड्यातला पदार्थ क्ष-किरणांखाली दिसेल अशी व्यवस्था करून त्यांनी क्रियेआधीची आणि क्रियेच्या वेळची चित्रं घेतली आणि शेजारी-शेजारी ठेवली.

नौलीचाच दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण तो आठवीच्या मुलांनाही समजतो. हठयोगात बस्ती नावाची एक शुद्धिक्रिया आहे. साधक पाण्यात बसतो आणि पाणी गुदमार्गानं आतड्यात ओढून घेतो. पाणी वर चढतं कसं? वाट मोकळी केली की ते आपोआप आत जातं, असा समज होता. गुण्यांनी दाबमापक लावला आणि आतड्यातला दाब मोजला. नौली करताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं दिसलं. म्हणजे पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर जसं पाणी आत येतं, तसंच हे. मंत्र नाही, सिद्धी नाही, दाबातला फरक आहे. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून माधवदास पोकळी असं नाव दिलं. गुरूंचं ऋण फेडायच्या अनेक पद्धती आपण ऐकल्या आहेत. मोजून मिळालेल्या निष्कर्षाला गुरूंचं नाव देणं ही मला त्यातली फार सुंदर पद्धत वाटते.

लोणावळा, १९२४

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली. आता ते स्वामी कुवलयानंद या नावानं ओळखले जाऊ लागले होते. कुवलय म्हणजे निळं कमळ. मुलं हमखास विचारतात, म्हणून सांगून ठेवते. आश्रम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर झाडाखाली बसलेले शिष्य येतात. इथे आश्रमाबरोबरच प्रयोगशाळा उभी राहिली, आणि त्याच वर्षी संशोधनाचं त्रैमासिकही सुरू झालं. नाव योगमीमांसा, भाषा इंग्रजी. देशाबाहेरच्या शास्त्रज्ञांनी वाचावं आणि तपासावं हा त्यामागचा हेतू.

या त्रैमासिकाची रचना आपण शिक्षकांनी नीट पाहण्यासारखी आहे. त्याचे तीन भाग असत. पहिला शास्त्रीय : प्रयोग कसा केला, काय मोजलं, क्ष-किरणांची चित्रं. दुसरा अर्धशास्त्रीय : त्याचा अर्थ काय लागतो. तिसरा सर्वसामान्यांसाठी : आसन कसं करायचं, कुणी करू नये. एकच विषय तीन प्रकारच्या वाचकांसाठी तीनदा लिहायचा. आपण वर्गात पुढच्या बाकासाठी, मधल्या बाकासाठी आणि मागच्या बाकासाठी तोच धडा वेगवेगळ्या रीतीनं सांगतो ना, तसंच.

आणि आता माझ्या फळ्यावरच्या वाक्याकडे येते.

प्राणायामात जास्त ऑक्सिजन शोषला जातो, ही समजूत त्या काळीही जोरात होती. खोल श्वास घ्या, ऑक्सिजन साठवा, असं पाश्चात्त्य व्यायामशिक्षकही सांगत. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाला हे वाक्य किती सोयीचं! पण कुवलयानंदांनी आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या हवेचं मोजमाप केलं, आणि ही समजूत त्यांच्या मोजणीत टिकली नाही. दीर्घ कुंभकाच्या प्राणायामात तेवढ्याच वेळात साध्या श्वासोच्छ्वासापेक्षा जास्त ऑक्सिजन शोषला जात नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनच्या साठ्यात नसून श्वसनाच्या स्नायूंना आणि मज्जासंस्थेला मिळणाऱ्या शिस्तीत, शरीरातल्या दाबांच्या बदलात आहे, असं त्यांचं मत झालं. आणि ते त्यांनी छापलं. स्वतःच्याच त्रैमासिकात, स्वतःच्याच पुस्तकात. आपल्या आवडत्या गोष्टीची खोटी स्तुती त्यांनी खपवून घेतली नाही.

आज आपल्याला हे समजणं सोपं आहे. करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं. धडधाकट माणसाचा आकडा नुसतं बसल्या-बसल्या किती यायचा? ९५ ते ९८. म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच जवळजवळ भरलेलं असतं. एसटी पेणच्या स्टँडवरच भरली, तर पुढच्या थांब्यावर कितीही माणसं उभी असली तरी आत जागा कुठून येणार?

हा शेवटचा शब्द होता असंही समजू नका. कोवूर बेहनन नावाचे एक संशोधक, मूळचे केरळचे, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून लोणावळ्याला आले. त्यांनी कुवलयानंदांकडे योग शिकून स्वतःच्याच शरीरावर मोजणी केली आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यांना काही प्राणायामांत ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसला. मात्र प्राणायाम संपल्यावर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत त्यांची कामगिरी थोडी घसरलेली आढळली, तीही त्यांनी लपवली नाही. गुरूचा आकडा एक, विद्यार्थ्याचा दुसरा. प्राणायामाचा प्रकार वेगळा, मोजण्याची पद्धत वेगळी, मोजलेली माणसंही वेगळी. त्यामुळे आकडे वेगळे येऊ शकतात. आपल्या मुलांना विज्ञान म्हणजे पुस्तकातलं पक्कं उत्तर वाटतं, त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

कोलंबिया विद्यापीठातल्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका जोसेफिन रॅथबोन याही १९३७-३८ च्या सुमारास लोणावळ्याला येऊन गेल्या. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची ही अमेरिकेतली संशोधक जोडी योग्यांच्या शरीराची मोजमापं घेण्यासाठी भारतात आली, तेव्हा त्यांनाही कैवल्यधामाचं सहकार्य मिळालं. घाटमाथ्यावरच्या एका छोट्या गावात जगभरचे अभ्यासक यायला लागले होते.

उणीवाही सांगायला हव्यात. कुवलयानंदांचे प्रयोग थोड्या माणसांवर झाले, त्यातले बरेचसे त्यांचे स्वतःचेच शिष्य. आजच्या संशोधनात लागतो तसा तुलनेचा दुसरा गट बहुतेक वेळा नसे. योग उपयोगी आहे हे त्यांच्या मनानं आधीच मान्य केलेलं होतं, आणि ही गोष्ट संशोधकाला कधीकधी आंधळं करते. म्हणून तर ऑक्सिजनचा तो निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. तिथे मन एकीकडे ओढत असताना त्यांनी आकड्याचं ऐकलं.

शाळेच्या मैदानावर

प्रयोगशाळेतलं काम त्यांनी शाळेपर्यंत नेलं, म्हणून ते आपल्याला जास्त जवळचे. १९३६ साली त्यांचं यौगिक संघव्यायाम हे पुस्तक निघालं. माणिकरावांच्या तालमीत शिकलेला संघव्यायाम आणि माधवदासांकडून शिकलेला योग, दोन्हींची सांगड त्यात होती. वर्गातल्या सगळ्या मुलांना एकदम करता येतील अशा सोप्या क्रिया, ठरावीक क्रमानं, हुकुमांवर. आज योग दिनाला आपण जो सामुदायिक कार्यक्रम घेतो, त्याचं बीज इथे दिसतं. मला स्वतःला याबद्दल थोडी शंका आहे. शिट्टीवर केलेल्या आसनात योग किती उरतो? आसन सावकाश, आपापल्या शरीराचं ऐकून करायचं असतं, आणि शंभर मुलांची शरीरं शंभर तऱ्हेची. पण साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास हातात असलेल्या शिक्षकाला दुसरा मार्ग तरी काय, हाही प्रश्न आहेच.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्या वेळी नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपद कुवलयानंदांकडे देण्यात आलं. तोपर्यंत शाळांत शारीरिक शिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी कवायत, आणि ती घेणारा माणूस बऱ्याचदा पलटणीतून निवृत्त झालेला ड्रिल मास्तर. पगार कमी, मान त्याहून कमी. या विषयाला प्रशिक्षित शिक्षक हवा, त्याला शरीरशास्त्र कळायला हवं, त्याची पदवी इतर शिक्षकांच्या बरोबरीची हवी, हा विचार त्या काळात मूळ धरू लागला. १९३८ साली कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था उघडली, ती याच प्रयत्नांतून. आपल्या भागातल्या जुन्या पिढीतल्या क्रीडाशिक्षकांना विचारून पाहा, कांदिवली म्हटल्यावर त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात तेव्हा या क्षेत्रात चहूकडे हालचाल होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करत होतं आणि १९३६ साली त्यांच्या चमूनं थेट बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. देशी खेळांचे नियम लिहून काढणं, मैदानांची मापं ठरवणं, हेही याच काळातलं. खेळ आणि व्यायाम हा अभ्यासाचा विषय आहे, हे या लोकांनी मानलं. आपण मात्र अजून पालकसभेत शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला दिला तर कुणाची हरकत आहे का, असं विचारतो आणि एकही हात वर होत नाही. माझाही झालेला नाही, हे कबूल करते.

शेवटची वर्षं

पुढचं थोडक्यात. मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ पासून ती चौपाटीजवळ स्थिरावली. राजकोटलाही काम सुरू झालं. आजारी माणसांसाठी योगाचा उपयोग करण्याचं काम मुंबईच्या केंद्रात चाले. गांधीजींनी १९२७ साली प्रकृती बिघडली असताना कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता, दोघांचा पत्रव्यवहारही होता. १९५० च्या सुमारास लोणावळ्याला गोरधनदास सेकसरिया महाविद्यालय सुरू झालं. योग शिकवणाऱ्यांनी योगाबरोबर शरीररचना आणि शरीरक्रियाही शिकावी, हा त्यामागचा विचार. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचं निधन झालं. त्यांच्यामागे संस्थेचं काम स्वामी दिगंबरजींनी पाहिलं. संस्था आणि योगमीमांसा, दोन्ही आजही चालू आहेत.

आमच्या वर्गात काय केलं

मागच्या वर्षी सुविचार लिहिला नाही. त्याऐवजी फळ्यावर रकाने आखले. नाव, बसून असतानाची एका मिनिटातली नाडी, एका मिनिटातले श्वास, आणि दम. दम म्हणजे आपल्या रायगडच्या मुलांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही. गावोगावी ग्रामदेवतेच्या नावानं कबड्डीचे संघ आहेत. चढाईला गेलेला गडी एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत राहतो, म्हणजे तो श्वास सावकाश सोडतच असतो. घड्याळ लावून प्रत्येकाचा दम मोजला. मग चार आठवडे रोज सकाळी दहा मिनिटं सावकाश श्वसन, आणि पुन्हा तीच मोजणी. निम्म्या वर्गानं श्वसन करायचं आणि निम्म्यानं नाही, ही सूचना त्याच मुलीची. ती आता नववीत गेली आहे, पण मुद्दाम आली होती.

काही मुलांचा दम चांगलाच वाढला. काहींचा तेवढाच राहिला. एका कबड्डीपटूचा कमी भरला, त्यानं सर्दी झाली होती म्हणून वाद घातला आणि पुन्हा मोजायला लावलं. श्वसन न केलेल्या गटातल्याही काही मुलांचा वाढला. तेव्हा वर्गात मोठी चर्चा रंगली : सरावामुळे वाढला, की दुसऱ्यांदा मोजताना युक्ती कळली म्हणून वाढला? घंटा झाली तरी मुलं उठेनात.

तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना यात घेऊ नका, त्यांच्याकडे घड्याळ आणि वही द्या. श्वास कोंडून ठेवायची स्पर्धा तर अजिबात लावू नका. चक्कर येतेय असं वाटलं की लगेच थांबायचं, हे आधीच सांगून ठेवा. पालकांनी घरी मोजलं तरी चालेल, पण सकाळी एकाच वेळी आणि काही खाण्याआधी मोजा, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही. आणि वही जपून ठेवा, ज्यांचा दम वाढला नाही त्यांच्या आकड्यांसकट.